अडतीस फेरे

हे तिसऱ्यांदा ताटावरून उठले तेव्हा मी पळी आपटली.

“अहो, निदान घास तरी गिळा. काय पुरलंय तुमचं त्या जमिनीत?”

हे मागच्या दारी गेले, भिंतीलगतच्या पाइपाला हातभर लांब लोखंडी चावीचं एक टोक टेकवलं, दुसरं कानाशी धरलं आणि डोळे मिटून उभे राहिले. डॉक्टर छाती तपासतो तसे. परत येऊन पाटावर बसले, ताटातलं कालवलं आणि तसंच ठेवून दिलं.

“टाकी तळाला लागलीय,” म्हणाले. “पाइप हवा खेचतोय.”

“खेचू दे. तुमच्या घरची आहे का टाकी?”

हे माझ्याकडे असे बघत राहिले की मीच खाली बघितलं. माणसाला एखादं व्यसन असतं तर बरं, निदान सोडवता तरी येतं. ह्यांना काम होतं.

काम काय, तर चावी फिरवायची. आमचे हे पाणीखात्यातले चावीवाले. गावाला टाकी एक. तिच्यातून निघणाऱ्या मोठ्या पाइपाचे पुढे दोन फाटे, एक खालच्या वस्तीला, एक टेकडीला. खालच्या फाट्यावर रस्त्यात एक खड्डा, त्यावर लोखंडी झाकण, आत पाणी अडवायची वॉल. सकाळी सहा ते आठ खालच्या वस्तीचं पाणी. मग हे जाऊन वॉल बंद करायचे, म्हणजे दाब वाढून पाणी टेकडी चढायचं. बंद करायला अडतीस फेरे, उघडायला अडतीस. एका श्वासाला एक फेरा, त्याहून घाई नाही. घाई केली की पाण्याचा धक्का पाइपाला बसतो, आणि पाइप आमच्या लग्नाच्याही आधीचा. एकोणतीस वर्षं ह्यांनी हे केलं. ताप असला तरी केलं, सासरे गेले त्या सकाळी केलं, आणि आता निवृत्तीला सात महिने राहिले होते.

माझी नणंद टेकडीवर राहते. टेकडीवर गल्ल्या तीन, प्रत्येकीला वेगळी छोटी वॉल. हे पहिल्या दिवसापासून बहिणीची गल्ली शेवटी सोडत आले. का, तर कुणी बोट दाखवायला नको. पाणी कमी असलं की शेवटच्या गल्लीत करंगळीएवढी धार यायची. त्यावरून बहीण-भावांत एकदा असं जुंपलं की दोन वर्षं बोलणं बंद होतं. मी मध्ये पडले नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

मग निवडणूक झाली आणि नवे प्रमुख आले. मोठ्या मैदानावर त्यांनी हात वर करून सांगितलं, “तुमचं पाणी तुम्हाला घड्याळ लावून देणारे हे कोण? आजपासून वेळ नाही, पाणीपट्टी नाही! सगळ्यांना, सगळा वेळ, फुकट!” खोटं कशाला बोलू, टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढच्या रांगेत होते. मी लोकांच्या चादरी, पडदे धुऊन इस्त्री करून देते. मला दिवसभर पाणी म्हणजे दुप्पट काम. पहिले चार दिवस मी नळ सोडून नुसती बघत बसले होते, लहान मुलीसारखी. हे मात्र घरात येरझारा घालत होते.

“टाकीत पाणी वाढलंय का?” एवढंच विचारायचे.

“तुम्हाला ना, कुणाचं बरं झालेलं बघवत नाही.”

“वाढलंय का ते सांग.”

पाचव्या दिवशी नणंद आली. दोन डबे हातात, गुडघे धरत, एकशे बारा पायऱ्या उतरून. ह्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, म्हणून हे तिला अजून छोटी म्हणतात. छोटीचं वय चोपन्न.

“वहिनी, तुमच्याकडे म्हणे पूर आलाय,” तिने डबा नळाखाली लावला. “आमच्याकडे चार दिवस नळातून नुसता वारा येतोय. सकाळी फुस्स करतो आणि गप्प बसतो. दादा कुठाय?”

दादा दाराआड उभे होते. बाहेर आले, बहिणीच्या तोंडाकडे न बघता तिच्या डब्याकडे बघत म्हणाले, “भरलेला डबा उचलू नको. मी आणतो.”

“दोनशे घरांचे डबे आणशील?”

हे खाली बसून डबा भरत राहिले. नणंदही मग नरमली. “तसं नाही रे. पण आम्ही पण मतं दिली होती.”

डबे पोचवून हे तसेच कचेरीत गेले. जुन्या साहेबांची बदली झाली होती. ते वरच्यांना नाही म्हणायचे ना, मग जाणारच. नव्या साहेबांचं वय आमच्या जावयाएवढं. तिथे काय झालं ते ह्यांनी मला रात्रीपर्यंत तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

“साहेब, सगळं उघडं ठेवलं तर टेकडीला पाणी चढणार नाही. पाणी उताराकडे जातं.”

“तक्रार आलीय का टेकडीवरून? तक्रारीला आता नवीन नंबर दिलाय. त्यावर एकही तक्रार बाकी दिसत नाही.”

“नंबरवर फोन केला की ‘तक्रार निकाली’ असा निरोप येतो, साहेब. पाणी येत नाही.”

“निकाली म्हणजे निकाली,” साहेब म्हणाले, आणि मग उठून दार लोटून आले. “हे बघा काका, वॉल बंद करायची नाही असा वरचा हुकूम आहे. जुन्या साहेबांना कुठे टाकलंय माहीत आहे ना? माझी पोरं लहान आहेत. आणि पट्टी माफ झाल्यापासून पंपाला वंगण घ्यायला खात्यात पैसा नाही, तुम्ही टेकडीचं काय घेऊन बसलात!”

साहेब वाईट नव्हता, असं हे म्हणाले. मी म्हटलं, चांगला असून काय उपयोग.

त्यानंतरच्या सोमवारची गोष्ट. भर दुपारी दोन वाजता मी न्हायला बसले होते. डोकं साबणाने भरलेलं, डोळे मिटलेले, आणि नळ बंद. हाका मारून घसा सुकला. दीड तास मी डोक्याला पंचा गुंडाळून बसले. साडेतीनला नळ खोकला आणि पाणी आलं. चारला हे आले, गुडघ्यांना चिखल.

“तुम्हीच ना?”

हे हातपाय धूत राहिले.

“अहो, मी काय विचारतेय? तुम्हीच बंद केलीत ना वॉल?”

“दीड तास. दुपारी सगळे कामावर असतात. कुणाला कळत नाही.”

“बायकोच्या डोळ्यांत साबण गेला तरी कळत नाही!”

हे हसले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसले, आणि त्या रात्री पोटभर जेवले. मला मात्र झोप नाही. सात महिने उरलेत, कुणी बघितलं तर? निवृत्तिवेतन गेलं तर माझ्या इस्त्रीवर दोघांचं भागणार आहे का? सकाळी तसं म्हटलं, तर म्हणाले, “टेकडीवर तिन्ही गल्ल्यांत पाणी चढलं काल.” जणू मी तेच विचारलं होतं.

अकरा दिवस हे निभलं. बाराव्या दिवशी खड्ड्यासमोरच्या शिंप्याने दुकानातून मोबाइलवर सगळं टिपलं. शिंपी आमच्या रोजच्या बसण्याउठण्यातला. पण आपला नळ बंद करणारा माणूस रंगेहाथ सापडला, की शेजारधर्म कुणाला आठवतो?

आरडाओरडा ऐकून मी ओल्या हातांनी धावले. खड्ड्याभोवती पन्नाससाठ माणसं. मध्ये हे, हातात चावी. प्रमुखांच्या पक्षाचा तो माइकवाला, ज्याला घरात सुद्धा माइकशिवाय बोलता येत नाही असं लोक म्हणतात, तोही पोचला होता.

“हा बघा पाणीचोर! प्रमुखांनी दिलेलं पाणी हा तोडतो! कुणासाठी? टेकडीवरच्या बहिणीसाठी!”

“खोटं आहे!” मी ओरडले. “बहिणीची गल्ली शेवटी सोडतात हे. विचारा कुणालाही!”

लोक हसले. बायको काय, नवऱ्याचीच री ओढणार. हे काहीच बोलेनात. मला इतका राग आला ह्यांचा! उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी माणसं अवतीभवती, आणि हे आपले खांबासारखे उभे.

शिंप्याने ह्यांच्या हातातली चावी हिसकली, खड्ड्यात घातली आणि जोर लावून गरागरा फिरवायला लागला. तेव्हा ह्यांच्या तोंडून शब्द फुटला.

“हळू! अरे, हळू फिरव! पाइपाला धक्का बसतो!”

चोर म्हटलं तेव्हा गप्प, बहिणीचं नाव काढलं तेव्हा गप्प. पाइपासाठी मात्र गयावया करत होते. मला तिथेच रडू फुटलं.

वरचं पाणी अर्ध्यात तुटलं म्हणून नणंद पायऱ्या उतरून आली. काय चाललंय ते तिला क्षणात कळलं.

“पाणीचोर? हा?” तिने पदर खोचला. “एकोणतीस वर्षं ह्याने माझ्या गल्लीला सगळ्यांच्या शेवटी पाणी दिलं. मी ह्याला तोंडावर शिव्या घातल्यात. चोरी करायची असती तर तेव्हा नसती केली?”

“भावाची बाजू बहीण घेणारच,” माइकमधून आवाज आला, आणि गर्दीने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कशा वाजतात ते मला चांगलं ठाऊक होतं.

ह्यांना कामावरून काढलं नाही, त्याहून वेगळं केलं. पुढच्या मंगळवारी कार्यक्रम ठरला की वॉल उघडी ठेवून वेल्डिंगने कायमची झाळून टाकायची. म्हणजे पुन्हा कुणा चावीवाल्याला जनतेचं पाणी तोडता येणार नाही. हे ऐकून आमचे हे कागद घेऊन बसले. ‘पाइप जुना आहे. टाकी रोज रिकामी होते, पाइपात हवा भरते, पाणी परत आलं की हवेचा धक्का बसतो. खालचा पाइप फुटल्यास पाणी थांबवण्यास ही एकच वॉल आहे. तरी झाळू नये.’ साहेबांनी कागद हातात घेतला नाही. लेखी अर्ज बंद झालेत, नंबरवर कळवा म्हणाले. ह्यांनी नंबरवर कळवलं. पाच मिनिटांत निरोप आला, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, धन्यवाद.

मंगळवारी मंडप पडला. प्रमुखांचा उजवा हात म्हणवणारा एक जण आला, त्याने काळा चष्मा लावून ठिणगी पाडली, टाळ्यांचा कडकडाट झाला. ह्यांची चावी काढून घेऊन कचेरीच्या दारात टांगली आणि खाली पाटी लावली, ‘जुलमाची चावी’. हे खाकी शर्ट घालून मंडपाच्या कडेला उभे होते. संध्याकाळी साहेबांनी सांगितलं, आता तुम्हाला काम नाही, हजेरीला या, पण खाकी नको, लोक चिडतात.

बिनकामाचा माणूस घरात म्हणजे काय, ते मला त्या दिवसांत कळलं. हे बसायचे नाहीत. दाराची कडी घट्ट करायचे, ती मी सैल करायचे. रस्त्याने फिरून यायचे, आल्या आल्या पुन्हा जायचे. टेकडीवर पाणी नव्हतंच, आता आमच्याकडेही नळ दिवसातून चार वेळा खोकायचा. प्रत्येक खोकल्याला हे दचकायचे. वस्तीतला बर्फाचा कारखाना बंद पडला, पंधरा माणसं घरी बसली. लोक म्हणत, टेकडीवाल्यांनी काहीतरी केलं असणार.

महिना व्हायच्या आत, एका सकाळी अकराला, तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. शिंप्याच्या दुकानासमोर रस्ता फाटला आणि छपराएवढं पाणी उडालं. बघता बघता दुकानात कमरेएवढं पाणी, लग्नाचे कपडे, मशीन, सगळं तरंगायला लागलं. लोक कुठे धावले असतील? आमच्या दारात. सगळ्यांत पुढे शिंपीच.

“काका, बंद करा हो! पाया पडतो, बंद करा!”

हे अनवाणीच धावले. खड्ड्याचं झाकण उचललं, पोटापर्यंत आत वाकले. वरून मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. दोन्ही हातांनी ते झाळलेला जोड चाचपत होते, ओढत होते, पकडीने फिरवू बघत होते. जोड चांगला झाला होता. आमच्या गावात एवढं चोख काम पहिल्यांदाच झालं असेल.

मग हे पंपघराकडे पळाले. तिथला माणूस हात जोडून उभा. “चोवीस तास चालवायचा हुकूम आहे. बंद केला तर माझी नोकरी जाईल.” साहेबांना फोन लावले, ते प्रमुखांच्या सभेची तयारी बघत होते. तीन तास पंप चालू राहिला, तीन तास पाणी रस्त्याने वाहिलं, टाकी भरणाऱ्या विहिरीने तळ गाठला, आणि कोरडा फिरून फिरून पंप जळाला. त्यानंतर आपोआप सगळं शांत झालं.

नवा पंप घ्यायला पैसे नव्हते, पट्टी माफ होती. टँकर येऊ लागले. खालच्या वस्तीला दोन दिवसांनी, टेकडीला चार दिवसांनी. शिंप्याने एकदा दारात येऊन मान खाली घालून विचारलं, “काका, रागावलात?” हे म्हणाले, “मशीन उघडून वाळव आधी. गंज चढेल.”

आणि मग पाकीट आलं. मी वाचून दाखवलं, कारण ह्यांचा चष्मा त्या दिवशी खड्ड्यात पडला तो पडलाच. ‘मुख्य जलवाहिनी फुटली असता आपण वॉल वेळेत बंद न केल्याने सार्वजनिक पाण्याचा अपव्यय झाला व पंपाचे नुकसान झाले. कर्तव्यात कसूर केल्याबद्दल आपले निवृत्तिवेतन का रोखू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.’

खाली साहेबांची सही. मी दोनदा वाचलं, मग मला हसू आलं, मग रडू आलं, मग मी त्या साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

“लिहा,” मी वही पुढे ढकलली. “मंडपात झाळली तेव्हा कोण कोण होतं, सगळ्यांची नावं लिहा. तुम्ही आधी कळवलं होतं ते लिहा. शिंपी साक्ष देईल, त्याचं मी बघते.”

हे खिडकीशी उभे होते. कितीतरी दिवसांनी येरझारा न घालता उभे होते. मग पाटावर येऊन बसले आणि म्हणाले, “तू लिही, मी सांगतो.”

मी पेन उघडलं.

“वॉल बंद करणे हे माझे काम होते.”

मी लिहिलं. “पुढे?”

“ते माझ्याकडून त्या दिवशी झाले नाही.”

“आणि झाळली होती ते?”

“ते नको.”

“अहो, वेड लागलंय का? निवृत्तिवेतन जाईल! जन्मभर काय खायचं?”

“झाळलेली सगळ्या गावाने बघितलीय,” हे म्हणाले. “ते लिहून काय नवीन कळणार? पण बंद करणं हे काम असतं, असं ह्या पत्रात त्यांनीच लिहिलंय बघ. सही करून लिहिलंय. महिनाभर मला चोर म्हणत होते. ते माझं काम होतं हे मला कबूल आहे, एवढंच कळवायचंय.”

मी खूप भांडले. नणंद आली, तीही भांडली. जावयाला फोन लावला, त्यानेही समजावलं. शेवटी मी एकच मिळवलं. त्या दोन ओळींखाली माझ्या मनाने तिसरी ओळ लिहिली, ‘झाळताना आम्ही सर्व हजर होतो व टाळ्या वाजवत होतो’, आणि तिच्याखाली माझी सही केली. हे बघत राहिले. खोड म्हणाले नाहीत.

सकाळी कचेरीत जायच्या आधी ह्यांनी खाकी शर्ट मागितला.

“नको म्हणालेत ना ते खाकी?”

“कामाचा कागद द्यायला चाललोय,” म्हणाले.

टँकर उद्या येणार होता. घरात पिण्यापुरता एक तांब्या होता, त्यातलं शिंपडायला मन होईना. मी शर्ट कोरडाच टेबलावर पसरला आणि इस्त्री फिरवली. बाह्या बसल्या, पाठ बसली, कॉलरची एक घडी काही केल्या मोडेना. मी पुन्हा पुन्हा दाबत राहिले.

“राहू दे,” हे म्हणाले, आणि तसाच शर्ट अंगात घालून वरपर्यंत बटणं लावली.